वडिलोपार्जित बंदूक बिघडते तेव्हा...

खरिपाच्या मक्याचे कणीस दुधात आले, की जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याची झोप उडते. भोकरदन-जाफराबादचा डोंगराळ पट्टा असो किंवा जायकवाडीच्या डाव्या कालव्याने भिजणारा अंबड-घनसावंगीचा ऊसपट्टा असो, रानडुकरांचा एखादा कळप एका रात्रीत उभे पीक आडवे करून जातो. ज्या मोजक्या घरांत परवान्याची बंदूक असते, तेथे ती अशा वेळी खुंटीवरून खाली येते. ती बहुधा आजोबांच्या किंवा वडिलांच्या काळातली, नाही तर कोणाकडून तरी जुनी विकत घेतलेली असते. मचाणावरून आवाजाचा बार काढण्यासाठी चाप ओढला जातो. 'खट्' असा आवाज होतो आणि पुढे काहीच घडत नाही.

सकाळी तीच बंदूक ओट्यावर येते. कोणी स्क्रू ड्रायव्हर काढतो, कोणी कानस सुचवतो, कोणी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील ओळखीच्या लेथवाल्याचे नाव सांगतो. पोलादाच्या गिरण्या आणि यंत्रदुरुस्तीच्या कार्यशाळा यांनी गजबजलेल्या या शहरात एखादी खिळ तासून घेणे अवघड नाही. इंजिन, पंप, पेरणीयंत्र घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्या माणसाला बंदूक हेही एक यंत्रच वाटते. यंत्र ती आहेच, पण दोन बाबतींत ती इतर यंत्रांहून निराळी आहे. चुकीची दुरुस्ती झालेला पंप पाणी चढवत नाही. चुकीची दुरुस्ती झालेली बंदूक डोळा नेते. दुसरे असे की, पंप खोलायला परवाना लागत नाही. बंदुकीची दुरुस्ती करायला मात्र तो लागतो.

म्हणूनच जुने शस्त्र बिघडले, तर मालकाने कोठवर जायचे आणि कोठे थांबायचे, ही रेषा आधी समजून घेणे आवश्यक ठरते. सुदैवाने ही रेषा फार धूसर नाही. पुसणे, तेल देणे आणि काडतूस तपासणे हे मालकाचे काम. खोलणे, तासणे आणि बदलणे हे परवानाधारक कारागिराचे काम. जुन्या शस्त्राच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा रेषेच्या अलीकडेच सुटतात, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही.

शस्त्रे इतकी जुनी का?

आजचा शस्त्र कायदा १९५९ चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा आणि ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक द्यावी, अशी ती तरतूद आहे. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजाने ठासून भरले जातात ती. ग्रामीण भागात या बंदुका अजून दिसतात, त्यामागे ही तरतूद आहे.

बारा बोअरच्या दुनळी बंदुका आणि .३१५ बोअरच्या रायफली यांची गोष्ट वेगळी. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येईनासे झाले. त्यामुळे पूर्वी आलेल्या विलायती बंदुका देशातल्या देशातच हात बदलत राहिल्या. देशी शस्त्रे इशापूर आणि कानपूर येथील सरकारी कारखान्यांतून, तर बारा बोअरची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येत असत. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने सरकारी मालकीच्या सात वेगवेगळ्या कंपन्यांत विभागले गेले. शस्त्राची किंमत आणि परवान्याची कटकट पाहता, एकदा घरात आलेली बंदूक सहसा टाकून दिली जात नाही. तीस, पन्नास, कधी ऐंशी वर्षांचे वय झालेली शस्त्रे वापरात राहतात आणि साहजिकच त्यांच्यात दोष निर्माण होतात.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदूक तयार करणे, विकणे, तिच्या रचनेत बदल करणे, दुरुस्त करणे, तिची चाचणी घेणे या सर्वांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना हा दुरुस्तीचा परवाना नव्हे. आपलीच बंदूक आहे, आपणच दुरुस्त करतो, हा बचाव त्या कलमात दिलेला नाही. गावातील लोहार, सुतार किंवा लेथवाला यांनाही हेच लागू होते.

शिक्षेचे स्वरूप २०१९ च्या दुरुस्तीनंतर फारच कडक झाले आहे. कलम ५ चा भंग केल्यास पूर्वी तीन ते सात वर्षे कारावास होता. आता तो किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप असा आहे. ही तरतूद अर्थातच गावठी कट्टे तयार करणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून झाली. परंतु 'दुरुस्ती' हा शब्द त्याच कलमात, त्याच ओळीत आहे. मैत्रीखातर खिळ घडवून देणारा कारागीरही त्याच कलमाच्या कचाट्यात सापडू शकतो.

आणखी दोन कलमे घरगुती दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. फुगलेल्या किंवा तोंडाशी फाटलेल्या नळीचा टोकाचा भाग कापून टाकण्याचा सल्ला हमखास दिला जातो. नळी आखूड करणे हे कलम ६ नुसार परवान्याशिवाय निषिद्ध आहे. दुसरे कलम ८ चे. शस्त्रावरील क्रमांक, नाव किंवा ओळखीची खूण खोडणे, काढणे, बदलणे हा गुन्हा आहे. एवढेच नव्हे, तर खूण नसलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ती खोडली असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे असते. गंज घालवण्यासाठी पॉलिश पेपर घेऊन बसलेला माणूस अजाणतेपणे नेमका क्रमांकच घासून टाकतो आणि पुढे परवाना नूतनीकरणाच्या वेळी अडचणीत येतो. गंज काढताना क्रमांकाच्या जागेला हात न लावणे, हा साधा नियम त्यासाठी पाळावा.

पहिली पायरी : बंदूक रिकामी आहे काय?

दोष शोधण्याआधी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करणे ही पहिली पायरी होय. दुनळी बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड पाहावा. रायफलीचा बोल्ट मागे ओढून काडतुसाची जागा डोळ्यांनी पाहावी, शिवाय बोटाने चाचपावी. अंधुक उजेडात डोळे फसतात. मॅगझीन आधी काढावे, मग बोल्ट ओढावा. क्रम उलटा झाला, तर मॅगझीनमधील पुढचे काडतूस पुन्हा आत जाऊन बसते.

ठासणीच्या बंदुकीत आत डोकावून काहीच कळत नाही आणि तसे डोकावणे धोक्याचेही आहे. तिची जुनी आणि खात्रीची कसोटी गजाची आहे. स्फोटक टोपी काढून टाकावी, तोंड स्वतःपासून दूर ठेवून गज नळीत तळापर्यंत सोडावा आणि तोंडापाशी त्यावर खूण करावी. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. खूण तोंडाशी असताना गजाचे टोक नळीच्या बुडापर्यंत पोचत नसेल, तर आत बार भरलेला आहे. वर्षानुवर्षे भरून ठेवलेल्या बंदुकीची दारू निकामी झाली असेल, असे समजणे घातक आहे. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेटते. असा बार घरी उकरून काढू नये. त्याची माहिती पोलीस ठाण्यात देऊन परवानाधारक कारागिराची मदत घ्यावी.

चाप ओढला, बार उडाला नाही

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार ही आणि सर्वांत मोठा धोकाही येथेच. बार न उडण्याचे दोन प्रकार आहेत. एकात काडतूस पेटतच नाही. दुसऱ्यात ते उशिरा पेटते. टोपीवर ठोका बसतो, आतील मसाला मंदपणे धुमसतो आणि काही क्षणांनी बार उडतो. काय झाले म्हणून त्याच वेळी कोणी बंदूक मोडली किंवा नळीत डोकावले, तर अनर्थ ओढवतो. यासाठी बार उडाला नाही की बंदूक खांद्यावरून उतरवून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून किमान एक मिनिट स्तब्ध राहावे. ठासणीच्या बंदुकीत त्याहूनही जास्त थांबावे. त्यानंतरच, चेहरा बाजूला ठेवून काडतूस काढावे.

बाहेर आलेले काडतूस हाच पहिला साक्षीदार असतो. त्याच्या बुडाशी असलेल्या टोपीवर खोल, स्पष्ट खळगा पडला असेल, तर बंदुकीने आपले काम केले आहे; दोष काडतुसाचा. खळगा उथळ असेल किंवा नसेलच, तर दोष ठोका देणाऱ्या भागात आहे. म्हणजे फायरिंग पिन झिजली आहे, तिच्या मार्गात घाण साठली आहे किंवा स्प्रिंग मंदावली आहे. खळगा मध्यभागी न पडता कडेला पडला असेल, तर दुनळी बंदुकीचा सांधा ढिला झाल्याची शक्यता असते. एवढे निदान मालक हत्यार न लावता करू शकतो आणि कारागिराला त्याचा फार उपयोग होतो. ते काडतूस मात्र फोडून पाहू नये, चुलीत किंवा उकिरड्यात टाकू नये. ते वेगळे ठेवून परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्यावे.

दोष अनेकदा तेलाचा असतो

उथळ खळग्याचे कारण बऱ्याचदा झीज नसून तेल असते. मराठवाड्यात करडई आणि जवस ही परिचित तेलबियांची पिके. घरातील तेलाचे बोट बंदुकीला लावण्याची सवय त्यातूनच आलेली असावी. परंतु करडई आणि जवस यांची तेले 'वाळणारी' आहेत. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ती हळूहळू घट्ट होतात आणि लाखेसारखा चिकट थर तयार होतो. जवसाचे तेल रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात, ते याच गुणामुळे. दस्त्याच्या लाकडावर हा गुण उपकारक असला, तरी फायरिंग पिनच्या अरुंद मार्गात तो मारक ठरतो. खोबरेल तेलाची गत निराळी. ते साधारण चोवीस अंश तापमानाखाली गोठते. जालन्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा त्याच्या बराच खाली जातो. उन्हाळ्यात व्यवस्थित चालणारी बंदूक हिवाळ्यात दगा देते, त्याचे कारण कधी कधी एवढेच असते.

शस्त्रासाठी मिळणारे पातळ खनिज तेलच वापरावे आणि तेही अगदी थोडे. जास्त तेल कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ धरून ठेवते. शिवाय पाझरून काडतुसाच्या टोपीपर्यंत पोचले, तर तिचा मसाला निकामी करते. रॉकेलने जुना चिकटा सुटतो. मात्र रॉकेल उडून गेल्यावर धातू उघडा पडतो, म्हणून नंतर तेलाचा पातळ हात फिरवणे आवश्यक असते.

काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या बंदुकीला नुसते तेल पुरत नाही. ती दारू जळल्यावर नळीत क्षार उरतात आणि ते हवेतील ओलावा ओढून घेतात. तेल क्षारांना विरघळवत नाही, पाणी विरघळवते. त्यामुळे वापरानंतर त्याच दिवशी साबणाच्या गरम पाण्याने नळी धुणे, कापडाने पूर्ण कोरडी करणे आणि मग तेल देणे, हीच योग्य पद्धत होय. पोलादाला पाणी लावायचे या कल्पनेने अनेकजण कचरतात. पण क्षार राहू दिले, तर पावसाळ्याच्या एका महिन्यात नळी आतून खडबडीत होते.

नळीतील अडथळा

नळीत अडथळा असताना बार उडाला, तर मागून येणारा वायूचा दाब एका जागी कोंडतो. त्याने नळी फुगते किंवा फाटते. अडथळा मोठाच असावा लागतो असेही नाही. पुसताना राहिलेली चिंधी, तोंड जमिनीला टेकल्याने शिरलेला चिखल किंवा आधीच्या फुसक्या बाराने अर्ध्यावर अडकलेले छर्रे एवढेही पुरते. नेहमीपेक्षा क्षीण आवाज आला, धक्का कमी जाणवला, तर दुसरा बार काढण्यापूर्वी बंदूक रिकामी करून नळीतून उजेड पाहिलाच पाहिजे. खेड्यातील घरांत आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे कुंभारीण माशी. कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या बंदुकीच्या तोंडात ती मातीचे घर करते आणि वाळल्यावर ते ढेकळासारखे कडक होते. वर्षातून दोनदा खाली येणाऱ्या बंदुकीच्या बाबतीत हा विनोदाचा विषय नाही.

काडतूस आणि नळी यांचा मेळ

जुन्या बंदुकीचे अपघात पुष्कळदा काडतुसाच्या गोंधळातून होतात. बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी लहान. नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरत असतील, तर ती बारा बोअर. वीस भरत असतील, तर वीस बोअर. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत टाकले, तर ते घसरत पुढे जाऊन अडकते. मागची जागा रिकामी दिसते. मग बारा बोअरचे काडतूस भरून चाप ओढला, की दोन्ही एकापाठोपाठ पेटतात आणि हाताजवळच नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे सर्वत्र पिवळ्या रंगाची ठेवण्याची प्रथा या अपघातांतूनच पडली. ती दोन प्रकारची काडतुसे एका पिशवीत कधीही असू नयेत.

दुसरी बाब लांबीची. अनेक जुन्या विलायती दुनळी बंदुकांमधील काडतुसाची जागा ६५ मिलिमीटरची आहे, तर नंतरची काडतुसे ७० मिलिमीटरची. न उडालेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असल्याने ७० चे काडतूसही ६५ च्या जागेत सहज बसते. मात्र बार उडताना ते तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. 'बसते म्हणजे चालते' हा ठोकताळा येथे खोटा ठरतो. नळीच्या बुडाशी चाचणीच्या खुणा असतात, त्यांवरून जाणकार कारागीर ही लांबी सांगू शकतो.

तिसरी बाब दारूची. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून केलेल्या, अंगावर नागमोडी नक्षी दिसणाऱ्या जुन्या दमास्कस नळ्या दिसायला देखण्या असतात. परंतु त्यांतील बहुतेक काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या आहेत. त्यांत आजचे धूरविरहित दारूचे काडतूस वापरणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होय. काडतूस फोडून त्यातील दारू ठासणीच्या बंदुकीत भरण्याचा प्रकार तर त्याहून भयंकर. धूरविरहित दारू कमी जागेत कितीतरी जास्त दाब निर्माण करते आणि ती नळी त्यासाठी बनलेलीच नसते.

जुन्या रायफलीचे दुखणे

भारतात नागरी वापराची .३१५ रायफल रचनेने जुन्या लष्करी ली-एनफिल्ड रायफलीची नातेवाईक आहे. ब्रिटिश राजवटीत .३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये, म्हणून वेगळ्या बोअरची ही रायफल पुढे आली. आजही .३०३ सामान्य परवानाधारकाला बाळगता येत नाही. रायफलीत बोल्ट पुढे जाऊन काडतुसाला मागून टेकू देतो. बोल्टचा माथा आणि काडतुसाचे बूड यांतील अंतर केसाएवढे जरी वाढले, तरी बार उडताना काडतुसाची कवची ताणली जाते, फाटते आणि तप्त वायू मागे येतो. हे अंतर प्रत्येक रायफलीसाठी कारखान्यात जुळवलेले असते. म्हणूनच जुनी रायफल घेताना बोल्टवरील क्रमांक आणि मुख्य भागावरील क्रमांक एकच आहे काय, हे प्रथम पाहावे. क्रमांक जुळत नसतील, तर कोणी तरी दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातला आहे. हे अंतर मोजपट्टीने नव्हे, तर त्यासाठी घडवलेल्या पोलादी मापानेच तपासता येते आणि ते माप कारागिराकडे असते.

रिकामी कवची बाहेर न येणे ही दुसरी तक्रार. तिचे साधे कारण काडतुसाच्या जागेतील मळ किंवा गंज हे असते आणि ब्रशने साफसफाई केल्यावर ती अनेकदा मिटते. साफ करूनही कवची अडकत असेल, तर ओढणारा आकडा झिजला आहे किंवा ती जागाच खड्डेदार झाली आहे. नेम चुकू लागला, तर दस्त्याचे पेच ढिले झाले आहेत काय, माशी हलते काय, नळीच्या तोंडाची कड ठोकली गेली आहे काय, हे निरखावे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. त्यामुळे पेच ढिले होणे स्वाभाविक आहे.

कानस का चालत नाही?

घरगुती दुरुस्ती धोकादायक का, याचे उत्तर केवळ कायद्यात नाही, धातूत आहे. फायरिंग पिनचे टोक किती लांब आणि किती गोल असावे, हे ठरलेले असते. लेथवर अंदाजाने केलेली पिन जराशी लांब किंवा टोकदार झाली, तर ती टोपीला खळगा पाडण्याऐवजी भोक पाडते आणि वायूचा झोत थेट नेमबाजाच्या डोळ्याकडे येतो. चापाची आतली कळ 'हलकी' करण्यासाठी कानस मारली, की तिच्यावरचा कठीण थर निघून जातो. मग बंदूक मोडून बंद करताच, चापाला हात न लावता बार उडण्याची शक्यता निर्माण होते. जुन्या पट्टीच्या स्प्रिंगला विशिष्ट तापमानाचे पाणी दिलेले असते. भट्टीत रंग पाहून दिलेले पाणी विळ्याला चालते, स्प्रिंगला नाही. हे दोष लगेच दिसत नाहीत. दुरुस्तीनंतर बंदूक चार वेळा व्यवस्थित चालते आणि पाचव्या वेळी घात करते.

योग्य मार्ग

बिघडलेले शस्त्र परवानाधारक दुरुस्तीकाराकडे नेणे हाच कायदेशीर मार्ग आहे. अशा दुरुस्तीकाराची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवान्यांचे काम पाहणाऱ्या शाखेकडे विचारावी. पोलीस मुख्यालयातील कारागीर सरकारी शस्त्रांसाठी असतात, ते खासगी कामासाठी नसतात. दुरुस्तीकार दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असेल, तर आपला परवाना तेथपर्यंत वैध आहे काय, हे आधी परवान्यावर पाहावे. मालक वृद्ध किंवा आजारी असेल, तर त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या व्यक्तीला दुरुस्तीसाठी किंवा परवाना नूतनीकरणासाठी शस्त्र नेता येते. कलम ३ मध्येच ही सवलत आहे. शस्त्र रिकामे, काडतुसे वेगळी आणि परवाना सोबत असावा. दुरुस्तीनंतर पावती घ्यावी आणि बदललेल्या भागाची नोंद करून घ्यावी. चाचणीचा बार कारागिराच्या ठिकाणीच व्हावा. घराच्या अंगणात किंवा वरातीत नव्हे.

जुने शस्त्र विकत घेण्याचा विचार असेल, तर कारागिराची तपासणी व्यवहाराआधी व्हावी, नंतर नव्हे. एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे खासगी विक्री करायची असल्यास विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. या मुदतीचा सदुपयोग शस्त्र तपासून घेण्यासाठी करता येईल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि वारशाने आलेले शस्त्रही त्यात मोजले जाते. परवानाधारकाचे निधन झाल्यावर बंदूक घरात तशीच ठेवणे हाही गुन्हा ठरू शकतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा.

शस्त्र जमा करण्याची वेळ निवडणुकीच्या काळातही येते. त्या वेळी ते कातडी म्यानात ठेवून देण्याचा मोह टाळावा. कातडे ओलावा धरून ठेवते आणि दोन महिन्यांनी परत मिळालेल्या नळीवर गंजाचे ठिपके दिसतात. जमा करण्यापूर्वी तेलाचा हात आणि परत मिळताच कोरड्या कापडाने सफाई, एवढे पुरेसे असते.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर असो वा रोही, पीक नासणाऱ्या वन्यप्राण्यावर गोळी चालवण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन खात्याची परवानगी लागते. मक्याच्या शेतात जुन्या बंदुकीचे खरे काम बहुतेक वेळा आवाजापुरतेच असते. रानडुकराने मोडलेला मका पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतो. सदोष बंदुकीने गेलेला डोळा किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या एका फेऱ्याने ओढवलेला खटला यांची भरपाई मात्र कोणत्याही हंगामात होत नाही.